अठ्ठाविसावी गोळी आणि एकोणतिसावी

आधी खटला समजून घेऊ. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लोणावळ्याजवळ भाड्याने घेतलेल्या बंगल्यात ३१ डिसेंबरची पार्टी. पोलिसांना टीप मिळते, छापा पडतो आणि या मुलाच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात झिपलॉकच्या पाकिटात बारा गोळ्या सापडतात. एका गोळीचं वजन साडेतीनशे मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या मिळून ४.२ ग्रॅम. प्रयोगशाळेचा अहवाल येतो: एमडीएमए. पोरं त्याला एक्स्टसी म्हणतात, मॉली म्हणतात. मोबाइलमध्ये सात मित्रांनी यूपीआयने पाठवलेले पैसे दिसतात आणि त्याखाली एक मेसेज, ‘तू घेऊन ये, माझे धाडलेत.’ आधीचा एकही गुन्हा नावावर नाही.

खटला कल्पित आहे, कायदा खरा आहे. खटल्याच्या दोन बाजू मांडणारी पुढची दोन माणसंही या लेखापुरतीच उभी केली आहेत. एक मामा, मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी कक्षात बरीच वर्षं काढून निवृत्त झालेले. दुसरी त्यांची भाची, सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभी राहणारी वकील. अशी जोडी आपल्याकडे प्रत्येक मोठ्या कुटुंबात सापडते आणि लग्नकार्यात त्यांना शेजारी बसवू नये असं सगळ्यांना ठाऊक असतं.

“किती देशील?” मामांनी सरळ विचारलं. “तू न्यायाधीश आहेस असं समज.”

“आधी कायदा किती देऊ देतो ते बघू,” भाची म्हणाली.

कायदा म्हणजे १९८५चा एनडीपीएस, अमली पदार्थविरोधी कायदा. संसदेत ऑगस्टमध्ये मांडला गेला, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरपासून लागू. सुरुवातीला त्यात वजनाची पायरीच जवळपास नव्हती. स्वतःपुरतं थोडंसं बाळगणाऱ्याला सवलत, बाकी बहुतेकांना किमान दहा वर्षं. २००१च्या दुरुस्तीने तीन पायऱ्या आल्या: अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि या दोहोंमधली, जिला कोर्टात सगळे ‘इंटरमीजिएट’ म्हणतात. एमडीएमएसाठी अल्प मात्रेची सीमा अर्धा ग्रॅम, व्यापारी मात्रेची दहा ग्रॅम. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं सक्तमजुरी, शिवाय लाख-दोन लाख दंड. मधल्या पायरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. इथे कमीत कमी शिक्षा सांगितलेलीच नाही.

“म्हणजे आपल्या मुलाला,” भाची बोटं मोजत म्हणाली, “एक दिवस दिला तरी कायदेशीर, दहा वर्षं दिली तरी कायदेशीर. आता गोळ्या मोजा. एक गोळी खिशात असती तर अल्प मात्रा. दोन असत्या तर नाही, कारण सातशे मिलिग्रॅम झाले. अठ्ठावीस गोळ्या, ९.८ ग्रॅम, तरी मधलीच पायरी. एकोणतिसावी पाकिटात पडली की १०.१५ ग्रॅम. तिथून किमान दहा वर्षं, न्यायाधीशाचे हात बांधलेले. आणि कलम ३७ मुळे जामीनही जवळपास बंद. ‘हा दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे’ असं कोर्टाला आधीच वाटायला हवं.”

“रेषा कुठेतरी ओढावीच लागते ना?”

“ओढा की. पण कशाच्या वजनाची? गोळीत खरं एमडीएमए शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, बाकी रंग, पावडर, चिकटवणारा भुगा. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शुद्ध अंश तेवढा मोजा. २००९ मध्ये सरकारने अधिसूचना काढली, सगळं मोजा. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता भेसळ जितकी जास्त तितकी शिक्षा मोठी.”

एलएसडीत तर याहून मोठी गंमत आहे, तिला गंमत म्हणायचं असेल तर. एलएसडीची व्यापारी मात्रा ०.१ ग्रॅम, म्हणजे शंभर मिलिग्रॅम. नशेसाठी लागणारा डोस मायक्रोग्रॅममध्ये, आणि तो शोषून ठेवलेला असतो टपाल तिकिटाहून लहान अशा ब्लॉटर कागदावर. मुंबई उच्च न्यायालयाने कागदासह वजन धरावं असं म्हटलेलं आहे. एका तुकड्याचं वजन पंधरा मिलिग्रॅम धरलं तर सात तुकडे झाले की माणूस ‘व्यापारी’. चरसमध्ये त्याच पायरीवर जायला एक किलो लागतो, गांजात वीस किलो.

मामांना हा हिशेब नवा नव्हता. छाप्यानंतरचा वजनकाटा त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता. इलेक्ट्रॉनिक काटा सपाट जागेवर ठेवायचा, आधी पाकिटासह वजन, मग पाकिटाशिवाय. दोन पंच शेजारी उभे, त्यातला एक हटकून घड्याळ बघणारा. टेस्टिंग किटमधल्या द्रावणाचा थेंब टाकला की एमडीएमए जांभळट काळं पडतं. लाखेचं सील, लेबलवर सह्या, पंचनाम्यात दशांश चिन्हापर्यंतचा आकडा. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे, मग प्रयोगशाळेकडे रवाना. या सगळ्यात एखादी सही राहिली तरी चार वर्षांनी बचावाचा वकील तिच्यावरच खटला मोडतो.

“ती वकील तूच,” मामा म्हणाले. “आणि मी तुला सांगतो, वजन हा एकच पुरावा आहे जो फिरत नाही. साक्षीदार फिरतो, पंच फिरतो. काट्यावरचा आकडा फिरत नाही. तुला वजनाऐवजी काय मोजायचंय? मुलाचा स्वभाव?”

“भूमिका मोजायची. कलम २२ उघडून बघा. बनवणारा, विकणारा, विकत घेणारा, वाहून नेणारा, नुसता जवळ बाळगणारा, सगळे एकाच वाक्यात आणि एकाच शिक्षेत. सात जणांनी वर्गणी काढली, एक जण आणायला गेला. त्याचा नफा काय, तर त्याची स्वतःची गोळी त्यात आली. कुरकुंभला कारखाना चालवणारा आणि हा, कायद्याच्या वाक्यात शेजारी बसतात.”

कुरकुंभचं नाव निघालं आणि मामा खुर्चीत पुढे सरकले. २०२४च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून, पुण्यातून आणि थेट दिल्लीतून मिळून सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन धरलं. किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात सांगितली गेली. त्याआधीच्या वर्षी नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना आणि ससून रुग्णालयातून पळालेला आरोपी यांनी राज्य हलवून सोडलं होतं. २०२२ मध्ये मुंबई पोलीस अंकलेश्वरपर्यंत पोहोचले आणि पाचशे तेरा किलो घेऊन आले. हे मेफेड्रोन म्हणजेच एमडी, म्याव म्याव. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते या कायद्याच्या यादीतसुद्धा नव्हतं; पकडलेल्या पोराला सोडून द्यावं लागायचं, असे दिवस मामांनी बघितलेले.

“आता मला सांग,” ते म्हणाले, “सतराशे किलो माल विकतो कोण? कारखानदार कॉलेजच्या गेटवर उभा राहतो का? त्याला लागतो चेहरा. स्वच्छ, रेकॉर्ड नसलेला, इंग्रजी बोलणारा. तुझा हाच. टोळ्या मुद्दाम असलीच पोरं निवडतात, कारण त्यांना ठाऊक आहे की पहिलाच गुन्हा म्हटल्यावर कोर्ट विरघळतं. तू पहिल्या गुन्ह्याला माफी दिलीस तर प्रत्येक टोळी रोज नवा पहिला गुन्हेगार भरती करेल. शिवाय पहिला गुन्हा म्हणजे काय गं? पहिल्यांदा सापडला, एवढंच.”

हा मुद्दा वजनदार आहे, आणि भाचीने तो झटकून टाकला नाही हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती म्हणाली, “सात यूपीआय एंट्र्या एकाच आठवड्यातल्या असतील तर वर्गणी. सहा महिने दर शनिवारी असतील तर धंदा. फोन तुमच्याच ताब्यात आहे, मामा. फरक दाखवता येतो. पण आरोपपत्रात तो फरक लिहायची गरजच पडत नाही, कारण शिक्षा ग्रॅमवर ठरते.”

“आणि जीव गेला तर? ऑस्ट्रेलियात काय झालं ते वाचलं असशील.”

तिने वाचलं होतं. न्यू साउथ वेल्समधल्या संगीत महोत्सवांत डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात सहा तरुण दगावले, वयं अठरा ते तेवीस, कारण एमडीएमए. शरीर तापत जातं, गर्दीत नाचणाऱ्याला ते कळत नाही, आणि गोळीत किती माल आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मामांच्या मते यात सगळं आलं: ज्याने ती गोळी हातावर ठेवली त्याला ‘मित्र’ म्हणायचं की काय, हे त्या सहा घरांना विचारा.

“विचारूया. पण चौकशी करणाऱ्या कोरोनर हॅरिएट ग्रॅहम यांनी २०१९ मध्ये शिफारस काय केली? महोत्सवाच्या जागी गोळ्या तपासून देण्याची सोय करा. सहापैकी एक मुलगी एकोणीस वर्षांची होती. दारावर पोलीस धरतील या धास्तीने तिने आत शिरण्याआधीच सगळा डोस एकदम घेतला. तुमच्या धाकाने तिचा जीव वाचला नाही.”

मामा गप्प बसले नाहीत. धाक हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा पाया. त्यांनी १९८९चा गोव्यातला खटला काढला. तिथे एका फ्रेंच नागरिकाने माल स्वतःपुरताच होता असं सांगून पाहिलं, पण सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षं आणि एक लाख दंड कायम ठेवला. या विषाने तरुण पिढी पोखरली जाते आहे, असा त्या निकालाचा सूर. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की आरोपी गरीब आहे, घरातला एकटा कमावता आहे, नुसता माल वाहणारा आहे, एवढ्यावर शिक्षा कमी होणार नाही. “हे मी नाही म्हणत,” मामा म्हणाले, “सर्वोच्च न्यायालय म्हणतं. आणि तुझ्या इंग्लंडचं काय?”

इंग्लंड भाचीचं आवडतं उदाहरण होतं. तिथे शिक्षा किती द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं छापील आहेत. अमली पदार्थांसाठी २०१२ मध्ये आली, २०२१ मध्ये सुधारली. त्यात मालाचं प्रमाण एका बाजूला आणि आरोपीची भूमिका दुसऱ्या बाजूला: मुख्य, महत्त्वाची, दुय्यम. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथून न्यायाधीश सुरुवात करतो. कोवळं वय, अपरिपक्वता, आधीची शिक्षा नसणं, हे सगळं शिक्षा कमी करणाऱ्या कारणांत नाव घेऊन लिहिलेलं. नफा न घेता मित्रांसाठी एकत्र खरेदी करणं हे २०१२च्या तत्त्वांत दुय्यम भूमिकेचं लक्षण म्हणून दिलेलं होतं. आपल्या लोणावळ्याच्या मुलाचाच मामला.

“आणि सुरुवात किती वर्षांपासून?” मामांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. “थेट ग्राहकाला विकलं तर दुय्यम भूमिकेलाही तीन वर्षं. महत्त्वाची भूमिका ठरली तर साडेचार. एमडीएमए तिथे अ वर्गात, हेरॉइनच्या पंक्तीला. तुझं इंग्लंड माझ्यापेक्षा मवाळ नाही.”

“नाही. पण सांगून-सवरून कडक आहे. तीन वर्षांवरून न्यायाधीश दोनवर येऊ शकतो आणि दोन वर्षांची शिक्षा स्थगित ठेवू शकतो. का ठेवली ते त्याला लिहावं लागतं. आपल्याकडे मुंबईच्या एका कोर्टात चार ग्रॅमला भोगलेले चार महिने पुरे होतील, दुसऱ्यात पाच वर्षं होतील, आणि दोन्ही निकालांत कारण एकच वाक्य: ‘आरोपीचं वय आणि गुन्ह्याचं गांभीर्य लक्षात घेता.’”

दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, हे आपल्या प्रक्रियेत आहेच. प्रत्यक्षात ते किती वेळ चालतं? न्यायाधीश विचारतात, काही सांगायचं आहे का. आरोपी म्हणतो, पहिलाच गुन्हा आहे, आई-वडील माझ्यावर अवलंबून आहेत, दया करावी. सरकारी वकील म्हणतात, समाजाला कीड लावणारा गुन्हा आहे, जास्तीत जास्त द्यावी. दोन्ही वाक्यं लघुलेखक न विचारता टाइप करू शकेल. फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्येच शिक्षेची तत्त्वं ठरवण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अभावाबद्दल निकालांतून वारंवार खंत व्यक्त केली, २०२४ मध्ये केंद्राला पुन्हा विचार करायला सांगितलं. तत्त्वं अजून आलेली नाहीत.

इथपर्यंत सामना बरोबरीचा होता. भाचीने कलम ३३ काढलं तेव्हा मात्र मामांकडे धड उत्तर नव्हतं, आणि या लेखालाही तिथेच थांबून बोलायचं आहे.

१९५८चा परिवीक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशनचा, एक साधी गोष्ट सांगतो. गुन्ह्याला जन्मठेप नसेल आणि दोषी एकवीस वर्षांखालचा असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवल्याशिवाय आणि कारण लिहिल्याशिवाय त्याला तुरुंगात धाडू नये. तो अधिकारी घरी जातो, कॉलेजात चौकशी करतो, मुलगा कोणाच्या नादाने तिथवर पोहोचला ते लिहितो. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मुलाला सोडलं तर त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही, म्हणजे तेवढ्यासाठी सरकारी नोकरीचं दार आपोआप बंद होत नाही. वीस वर्षांच्या मुलाने चोरी केली तर हे सगळं त्याला मिळू शकतं. चारचौघांना मारहाण केली तरी मिळू शकतं. एनडीपीएसच्या कलम ३३ ने मात्र हा दरवाजा लावून टाकला आहे. उघडा ठेवला तो अठरा वर्षांखालच्यांना आणि कलम २६, २७ खालच्या आरोपींना, म्हणजे मुख्यतः स्वतः सेवन करणाऱ्यांना.

“म्हणजे गोळी त्याने खाल्ली असती तर परिवीक्षा,” भाची म्हणाली, “मित्राला दिली म्हणून नाही.”

“देणं आणि खाणं यात फरक नको का?”

“हवा. पण तुरुंगात धाडायचं की नाही हे ठरवण्याआधी अहवालही मागवू नये, इतका?”

मामांनी थोडा वेळ घेतला. मग जुन्या पोलिसाच्या नजरेने कायद्यातली फट दाखवली. “समज कलम ३३ उद्या काढलं. तुझा मुलगा वीसचा आहे, पण जामिनावर बाहेर. मधली मात्रा, म्हणजे कलम ३७ आडवं येत नाही. खटला उभा राहायला चार-पाच वर्षं. निकालाच्या दिवशी तो पंचविशीत, नोकरी करतोय, कदाचित लग्न झालंय. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच ठरवून ठेवलंय की परिवीक्षेसाठी वय धरायचं ते कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवसाचं. एकवीसची सवलत त्याला मिळणारच नाही.”

हे खरं आहे आणि वकिलांच्याही नजरेतून निसटतं. शिक्षा ज्या मुलासाठी मोजायची तो मुलगा निकालाच्या दिवशी कोर्टात नसतो. त्याच्या जागी दुसराच कोणी उभा असतो. काही वेळा तो चांगला सुधारलेला असतो, काही वेळा पक्का मुरलेला. व्यापारी मात्रेत तर बाहेर यायलाच वर्षं जातात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात तेविसाव्या वर्षी अटक झालेला तरुण सात वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदीच होता. कलम ३७ असूनही न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि तुरुंग माणसाला काय बनवतो यावर निकालात सविस्तर लिहिलं.

“आत काय होतं ते मला नको सांगूस,” मामा म्हणाले. आवाज खाली आला होता. “हातात गोळ्या घेऊन गेलेला पोरगा आत किलोवाल्यांच्या बरॅकमध्ये राहतो. बाहेर येतो तेव्हा त्याच्याकडे नंबर असतात. पुन्हा पकडलेली अशी पोरं मी पाहिलीत.”

“मग?”

“मग काही नाही. व्यापारी मात्रेला हात लावू नका, एवढंच माझं म्हणणं. आणि सोडायचंच असेल तर माल कुठून घेतला हे त्याने सांगितल्यावर सोडा.”

भाचीला ही शेवटची अट मान्य नव्हती; मोठ्या टोळीविरुद्ध जबाब दिलेल्या वीस वर्षांच्या मुलाला संरक्षण कोण देणार, हा तिचा प्रश्न होता. त्यावर दोघांचं जमलं नाही, आणि ते जमवून दाखवायची गरजही नाही.

आता आपल्या मुलाचं. आहे त्या कायद्यात, बारा गोळ्या, सात मित्रांची एकदाच काढलेली वर्गणी, नफ्याचा पुरावा नाही, आधीचा गुन्हा नाही, एवढंच सिद्ध झालं असेल तर भोगलेली कोठडी आणि भरीव दंड ही शिक्षा पुरेशी आहे, असं या लेखाचं मत. मोबाइलमध्ये दर शनिवारच्या नोंदी सापडल्या किंवा माल कॉलेजच्या आवारात विकला गेला, तर मत बदलेल आणि तुरुंग टळू नये. शैक्षणिक संस्थेच्या परिसरातली विक्री २००१च्या दुरुस्तीने किमान शिक्षेपेक्षा जास्त देण्याच्या कारणांत धरलेली आहे, ते रास्तच आहे. पण हे सगळं त्या मुलाला कोणत्या न्यायाधीशासमोर उभं केलं यावर सोपवलेलं आहे, आणि ते तसं नसावं.

एनडीपीएस हा केंद्राचा कायदा, तेव्हा ही विनंती राज्यातल्या खासदारांना: कलम ३३ मधलं अठराचं वय एकवीस करा, ते गुन्ह्याच्या दिवशीचं धरा, आणि व्यापारी मात्रेला या सवलतीतून बाहेर ठेवा.